कोळसा पेटवायला बाटली नको, नळकांडे हवे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

थंडी पडली की वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत बार्बेक्यूच्या पाककृती येऊ लागतात. पनीर किती वेळ मुरवायचे, कोंबडीला चिरा किती खोल द्यायच्या, दही किती घट्ट टांगायचे, हे सगळे नीट लिहिलेले असते. मग एक वाक्य येते, ‘कोळसा पेटवून निखारे तयार करून घ्या.’ सगळा घोळ होतो तो याच टप्प्यावर. पवना धरणाच्या काठचे तंबू असोत, अलिबाग-मुरूडकडची भाड्याची घरे असोत की पुण्या-ठाण्यातल्या सोसायटीची गच्ची असो, प्रकार ठरलेला असतो. ट्रेमध्ये कोळसा पसरतात, वर कागद जाळतात, अर्धा तास पुठ्ठ्याने वारा घालतात आणि शेवटी कोणीतरी मोटारसायकलच्या टाकीतून बाटलीत पेट्रोल काढून आणतो. त्या बाटलीपायी माणसे होरपळतात, आणि तिची गरज कधीच नसते. म्हणून ते एक वाक्य इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी कोळसा धरत का नाही ते पाहू. लाकूड पेटते तेव्हा त्यातून निघणारा वायू पेटतो, म्हणून त्याला ज्वाळ असते. कोळसा करताना हा वायू भट्टीतच निघून गेलेला असतो. उरतो तो मुख्यतः कार्बन, आणि तो ज्वाळेविना, अंगावरच जळतो. त्या अंगाला साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सियस उष्णता मिळाली आणि भोवती हवा खेळती राहिली की कोळसा धरतो. उथळ ट्रेमध्ये पसरलेल्या कोळशाला यातले काहीच धड मिळत नाही. एका तुकड्याचा कोपरा लाल होतो, पण त्याची धग उघड्यावर निघून जाते. शेजारचा तुकडा चार बोटे लांब असला तर तो थंडच राहतो. खाली बंद पत्रा, म्हणजे खालून हवा नाही. त्यातच पुठ्ठ्याचा वारा सुरू झाला की धरू पाहणारा कोपराही निवतो. वारा उपयोगी पडतो तो निखारा फुलल्यावर. त्याआधी तो कोळसा गार करतो. केस वाळवायचे यंत्र घेऊन गार कोळशासमोर दहा मिनिटे उभे राहणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही, ते यामुळेच.

आपल्या जुन्या घरांतल्या तांब्याच्या बंबात हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. बंबाच्या मधोमध उभी नळी, तिच्या बुडाशी जाळी, जाळीखाली हवेला वाट. ढलप्या, करवंट्या, कोळसा वरून नळीत टाकायचा आणि विस्तव खालून लावायचा. तापलेली हवा नळीतून वर चढते आणि जाळीतून गार हवा आत खेचते. खालच्या तुकड्यांची धग वरच्या तुकड्यांमधून जाताना त्यांना आधी वाळवते, मग तापवते, मग पेटवते. भिंत जवळ असल्यामुळे उष्णता बाहेर पळत नाही. बार्बेक्यूसाठी ‘चिमणी स्टार्टर’ नावाने जे नळकांडे मिळते, ते याच तत्त्वावर चालते.

बाजारातल्या नळकांड्याचा व्यास साधारण १८-१९ सेंटिमीटर आणि उंची ३० सेंटिमीटरच्या आसपास असते. तळापासून सात-आठ सेंटिमीटरवर जाळी असते, तिच्याखाली चहूबाजूंनी भोके असतात, बाहेर मूठ असते, आणि मूठ व पत्रा यांच्यामध्ये धग अडवणारी एक पट्टी असते. ही पट्टी नसलेले नळकांडे घेऊ नये, मूठ हातात धरवत नाही. जाळीच्या वर साडेपाच-सहा लिटर जागा राहते. तिच्यात लाकडी कोळसा सव्वा किलोपर्यंत मावतो. कोळशाचा चुरा दाबून केलेल्या ब्रिकेट्स जड असतात, त्या दोन-सव्वादोन किलो बसतात. ४५ बाय ३० सेंटिमीटरच्या घडीच्या बार्बेक्यूचा दोन-तृतीयांश ट्रे एका थराने झाकायला किलोभर लाकडी कोळसा लागतो. म्हणजे चार-पाच माणसांच्या टिक्क्यांना एक नळकांडे भरून कोळसा पुरे. पोतेच्या पोते ओतायची काहीच गरज नसते.

भरण्याआधी कोळसा निवडावा लागतो, आणि लोक नेमके हेच टाळतात. लिंबापासून अंड्यापर्यंतच्या आकाराचे तुकडे घ्यावेत. लांबट असतील ते पोत्यातच हातोडीने फोडावेत. पोत्याच्या तळाचा चूर नळकांड्यात अजिबात जाऊ देऊ नये. तो फटींमध्ये बसतो, हवेची वाट बुजवतो, आणि मग खालचा कागद जळून गेला तरी वरचे तुकडे काळेच राहतात. कोळसा नुसता काळा दिसला म्हणून पक्का झाला असे नाही. पक्का कोळसा हातात हलका लागतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतो आणि मोडल्यावर आत चकचकीत काळा दिसतो. कच्चा तुकडा जड असतो, आवाज बसका येतो आणि आत तपकिरी छटा दिसते. त्यात लाकूडपण शिल्लक असते, त्यामुळे तो ज्वाळ आणि धूर करत राहतो. असे तुकडे बाजूला काढून आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालावेत.

आता पेटवणे. बार्बेक्यूच्या ट्रेवर किंवा चार विटांवर नळकांडे असे ठेवावे की तळाशी हवा शिरेल. वर्तमानपत्राचे दोन ताव घेऊन त्यांची सैल चुंबळ वळावी आणि जाळीखाली बसवावी. मधले भोक मोकळे राहिले पाहिजे. कागद ठासून कोंबला तर तो नुसता धुमसतो, अगदी विस्कटून सोडला तर अर्ध्या मिनिटात जळून राख होतो. गुळगुळीत, रंगीत कागद घेऊ नये, तो राख जास्त करतो आणि ज्वाळ कमी धरतो. चुंबळीवर चमचाभर गोडेतेल टाकले की कागद तेवढाच, पण ज्वाळ चांगली पाच-सहा मिनिटे टिकते. खाद्यतेलाची वाफ पेट घ्यायला ३०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे भडका उडत नाही. ते वातीसारखे शांत जळते. ज्यांना काहीतरी ओतल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी हे तेल ओतावे, तेही काडी ओढण्याआधी आणि कागदावर.

काडी खालच्या भोकांतून दोन-तीन ठिकाणी लावावी. पहिली चार-पाच मिनिटे पांढुरका दाट धूर येतो. तो कोळशातल्या दमटपणाचा आणि राहिलेल्या लाकूडअंशाचा असतो, त्याला घाबरून काही करायला जाऊ नये. कागद जळून गेला की दोन मिनिटांनी नळकांड्याच्या तोंडापासून हातभर उंचीवर तळहात धरून पाहावा. धग चढती लागली तर कोळशाने धरले आहे. लागली नाही तर नळकांडे मुठीने किंचित कलते करून खाली दुसरी चुंबळ सरकवावी. वरून काहीही घालू नये. आठव्या मिनिटाच्या सुमारास खालच्या भोकांतून लाली दिसते. पुढे धूर विरळ होतो आणि वरच्या तुकड्यांच्या मधून निळसर, बारीक ज्वाळा नाचू लागतात. खालच्या निखाऱ्यांतून वर आलेला कार्बन मोनॉक्साइड तिथे हवा मिळून जळत असतो. या ज्वाळा दिसल्या की काम झाल्यात जमा आहे. बाराव्या ते पंधराव्या मिनिटाला सर्वांत वरच्या तुकड्यांच्या कडांना राखाडी झाक येते. तेव्हाच नळकांडे ओतावे. वरचा थर पूर्ण राखाडी व्हायची वाट पाहिली तर खालचा निम्मा कोळसा जळून जातो आणि स्वयंपाकाच्या मध्यावर निखारे संपतात. ब्रिकेट्सचे मात्र उलटे आहे. त्यांना २० ते २५ मिनिटे लागतात आणि सगळीकडे राख चढल्याशिवाय त्यांवर खायचे ठेवू नये, कारण त्यांतल्या बांधणीच्या पदार्थांचा वास तोपर्यंत जात नाही.

ओतताना नळकांडे आपल्यापासून दूर, वारा जिकडे जातो त्या दिशेने कलते करावे. हातात चामड्याचे मोजे असावेत, पायात चपला नव्हे, बूट. अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉनची ओढणी आणि पॉलिस्टरचे जॅकेट ठिणगीने वितळून कातडीला चिकटते.

नळकांडे विकत मिळाले नाही किंवा घ्यायचे नसेल तर १५ किलोचा खाद्यतेलाचा रिकामा डबा सरस काम देतो. घराघरांतून तो भंगारात जातो, म्हणून जरा तपशिलात लिहितो. डब्याचे झाकण आणि बूड दोन्ही कापून काढावे आणि कडा हातोडीने आत वळवून ठोकाव्यात. खालच्या कडेपासून आठ सेंटिमीटरवर समोरासमोरच्या दोन बाजूंना चार-चार भोके पाडावीत, सारख्या अंतरावर. त्यांतून ६ मिलिमीटरच्या चार लोखंडी सळ्या आरपार घालाव्यात. सळ्या एका बाजूला पाच सेंटिमीटर बाहेर राहू द्याव्यात आणि ते टोक वाकवून घ्यावे. सळ्यांच्या खाली चारही बाजूंना बोट जाईल एवढी तीन-तीन भोके पाडावीत, ती हवेची वाट. सळ्यांवर जाळीचा एक चौकोनी तुकडा टाकला तर बारीक तुकडे गळत नाहीत, पण तो टाकल्यास कोळसा खाली सोडता येत नाही, डबा उलटाच करावा लागतो. मी तरी जाळी टाळावी असे सांगेन आणि कोळसाच जरा मोठा निवडावा. डबा थेट बार्बेक्यूच्या ट्रेत उभा करून पेटवावा. निखारे तयार झाले की पकडीने एकेक सळई वाकवलेल्या टोकाशी धरून ओढून काढावी. निखारे आपोआप ट्रेत बसतात, मग दोन सांडश्यांनी डबा सरळ वर उचलून विटांवर ठेवावा. ओतणे नाही, कलते करणे नाही, ठिणग्यांचा लोट नाही.

डब्याची रुंदी नळकांड्यापेक्षा जास्त, म्हणून तो काठोकाठ भरू नये. सळ्यांच्या वर १०-१२ सेंटिमीटरचा थर पुरे, तेवढ्यात सव्वा किलोच्या आसपास कोळसा येतो. वरचा रिकामा भाग वाया जात नाही, हवा ओढायला त्याचीच मदत होते. पहिल्यांदा डबा नुसता कागद आणि थोडा कोळसा घालून मोकळ्या जागी तापवून घ्यावा, म्हणजे बाहेरचा रंग, लेबल आणि आतले तेल जळून जाते. त्या दिवशी त्या विस्तवावर काही शिजवू नये. रंगाचा, थिनरचा किंवा कीटकनाशकाचा डबा कधीही घेऊ नये. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको. जस्त ४१९ अंशांना वितळते, फुललेल्या निखाऱ्यांची उष्णता त्याच्या कितीतरी वर जाते, आणि जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो.

कागदाऐवजी काय वापरावे, हे प्रदेशावर ठरते. कोकणात सुकलेल्या नारळाचे सोडण, म्हणजे वरचे काथ्याचे साल, उत्तम, मूठभर सोडण पिंजून जाळीखाली ठेवले की दुसरे काही लागत नाही. देशावर गोवरीचा तळहाताएवढा तुकडा चालतो, पण त्याला धरायला वेळ लागतो आणि धूर जास्त येतो. हुरड्याच्या आगटीला तो शोभतो, टिक्क्याला नाही. कापराच्या चार-पाच वड्या चुंबळीत ठेवल्या तर दमट हवेतही खात्रीने पेट मिळतो. कापूर काजळी फार धरतो, म्हणून तो पूर्ण जळून गेल्यानंतरच भाजायची जाळी चढवावी. दुकानात मिळणाऱ्या मेण आणि लाकडाच्या भुशाच्या वड्या सर्वांत बिनत्रासाच्या, एक वडी आठ-दहा मिनिटे जळते आणि वास सोडत नाही. हुक्क्यासाठी मिळणारा काडी लावताच तडतडत पेटणारा कोळसा मात्र अन्नाखाली घालू नये. पटकन पेटावा म्हणून त्यात रसायन मिसळलेले असते.

करवंटीच्या कोळशाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण कोकणात तो सहज मिळतो आणि लोक त्याला नावे ठेवतात. तो लाकडी कोळशापेक्षा घट्ट, धग जोरकस आणि जास्त वेळ टिकणारी. पण धरायला हट्टी. त्याचे चपटे तुकडे एकावर एक बसून हवा अडवतात. खाली तीन-चतुर्थांश लाकडी कोळसा आणि वर करवंटीचा असे भरले तर दोन्हींचा गुण मिळतो.

पावसाळ्यानंतरच्या पोत्याविषयीही तेच. कोळसा हवेतला ओलावा शोषतो. जूनपासून ओट्याखाली पडलेले पोते ऑक्टोबरात तसेच काढले तर नळकांड्यातही तो वीस मिनिटे नुसता धुरकटतो आणि तडतडून ठिणग्या उडवतो. आतले पाणी वाफ होऊन तुकडा फोडते, म्हणून. एक दिवस कडक उन्हात पत्र्यावर पसरून ठेवला की तो पूर्ववत होतो. पुढे झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात भरून ठेवावा.

विजेची साधने ज्यांच्याकडे सॉकेटची सोय आहे त्यांना ठीक. ६०० ते ८०० वॉटची कॉइल कोळशाच्या ढिगात खुपसली की आठ-दहा मिनिटांत तेवढा भाग धरतो. मग कॉइल काढून घ्यायची, आत ठेवली तर ती जळते. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवेच. रंग काढायची हीट गन दोन-तीन मिनिटांत एका जागी लाली आणते, पण २००० वॉटची गन जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. ती ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर आणि बारीक एक्स्टेन्शनवर लावली तर आधी वायरच तापते. ब्यूटेनच्या डब्यावर बसणारी टॉर्चही चालते. लाकडी कोळसा तिच्या झोताखाली तडकतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा, आणि काम झाल्यावर डबा बार्बेक्यूपासून दहा पावले लांब ठेवावा.

फ्लॅटमध्ये राहणारे अनेकजण गॅसच्या शेगडीवर मूठ असलेल्या जाळीच्या भांड्यात कोळसा पेटवतात. अडीचशे-तीनशे ग्रॅमला लहान बर्नरवर सात-आठ मिनिटे लागतात आणि डाळीला किंवा रायत्याला धुंगार द्यायला ते योग्यच आहे. पण बार्बेक्यूसाठी असे तीन-चार घाणे काढू नयेत. काचेच्या शेगडीवर रुंद भांड्याची धग उलटी खाली येते आणि काच फुटते. शिवाय निखारे घेऊन जिना चढणे आले, लिफ्टमध्ये तर ते नेऊच नयेत. गच्चीवर जायचे असेल तर पेटवायचेही गच्चीवरच. मात्र नळकांडे थेट लादीवर किंवा वॉटरप्रूफिंगच्या थरावर ठेवू नये, लादी तडकते आणि थर फुगतो. खाली दोन विटांचा थर किंवा ट्रेभर वाळू घालावी.

आता त्या बाटलीविषयी. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून त्याची जागा पेट्रोल, थिनर आणि सॅनिटायझरने घेतली आहे, आणि हा बदल जास्त वाईट आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही थंडीत ते धोक्याचेच. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ट्रेवर ओतलेल्या पेट्रोलची वाफ खाली उतरून जमिनीवर पसरते आणि पेटवणाऱ्याच्या पायांभोवती साचते. काडी ट्रेजवळ नेईपर्यंत तो वाफेच्या मधोमध उभा असतो. पण सर्वांत जास्त भाजणे होते ते पहिल्या ओतण्यात नव्हे, दुसऱ्या ओतण्यात. कोळसा विझला असे वाटते, कारण ज्वाळ दिसत नाही. आतला तुकडा मात्र लाल असतो. त्यावर पडलेल्या पेट्रोलचा, थिनरचा किंवा रॉकेलचा पांढरा धुरळा उठतो आणि क्षणभरात तो सगळा पेटतो. ज्वाळ धारेवरून मागे बाटलीपर्यंत येते, बाटली हातात दाबलेली असते, आणि आतले उरलेले इंधन पेटत्या पिचकारीसारखे समोर बसलेल्यांवर उडते. ओतणाऱ्यापेक्षा त्याच्या समोर उभी असलेली मुले जास्त भाजतात ती यामुळे. सॅनिटायझरमधले अल्कोहोल २० अंशांच्या आसपासच पेट घेते आणि उजेडात त्याची निळी ज्वाळ दिसत नाही. पेटलेले नाही असे समजून माणूस पुन्हा ओततो.

चवीचाही प्रश्न आहेच. कोळसा सच्छिद्र असतो, ओतलेले रॉकेल तो पिऊन घेतो आणि शिजवताना सावकाश सोडत राहतो. त्या वासावर कितीही कसुरी मेथी चोळली तरी तो जात नाही.

कोणी भाजलेच तर भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा, पूर्ण वीस मिनिटे. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. चिकटलेला कपडा ओढू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ यांतले काहीही लावू नये. १०८ला फोन करावा. कपड्यांनी पेट घेतला तर पळू देऊ नये, जमिनीवर आडवे करून लोळवावे आणि जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकावी. पेटवण्याआधीच पाण्याची भरलेली बादली आणि वाळूची एक बादली हाताशी असली पाहिजे.

तंबूतल्या लोकांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जेवण झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी ऊब मिळावी म्हणून तंबूत किंवा बंद खोलीत नेतात. धूर येत नाही, वास येत नाही, म्हणून ते निर्धोक वाटते. प्रत्यक्षात राख चढलेला, शांत दिसणारा निखारा तासन्‌तास कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि झोपेतला माणूस जागाच होत नाही. खिडकी फटीएवढी उघडी ठेवणे किंवा तंबूची चेन अर्धी ओढणे हा उपाय नव्हे. निखारे रात्रभर बाहेरच राहिले पाहिजेत. पावसाची सर आली म्हणून पेटते नळकांडे पडवीत किंवा गाडीच्या शेडमध्ये ओढून आणणेही तितकेच चूक. सर ओसरेपर्यंत थांबावे किंवा त्या दिवशी गॅसवर तवा ठेवावा.

राहिले विझवणे. झाकणाचा बार्बेक्यू असेल तर वरखालच्या हवेच्या झडपा बंद कराव्यात. हवा तुटली की तासा-दीड तासात निखारे निवतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. तो आधी चाळून राख झटकावी आणि नव्या कोळशात निम्म्याने मिसळावा, निव्वळ जुना घातला तर धग कमी पडते. आपल्याकडच्या कोळसाभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या धुरात राबत आली आहेत. त्यांच्या हातचा कोळसा उघड्यावर उगाच जळत सोडणे मला तरी रुचत नाही. झाकण नसेल तर तापलेल्या ट्रेत पाणी ओतू नये. पत्रा वाकतो आणि उकळती राख तोंडावर उडते. फावड्याने थोडे-थोडे निखारे उचलून पाण्याच्या लोखंडी बादलीत टाकावेत, ढवळावेत आणि बुडबुडे थांबेपर्यंत तसेच ठेवावेत. राखेच्या थराखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, म्हणून राख कचऱ्याच्या प्लास्टिक डब्यात त्याच रात्री टाकू नये.

किहीम, नागाव, काशीदच्या किनाऱ्यांवर एक सवय दिसते: जेवण झाले की निखारे वाळूत पुरायचे आणि वर पाय दाबून सपाट करायचे. वाळू निखारा लगेच विझवत नाही. ती त्याची धग आत कोंडून ठेवते आणि वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. सकाळी त्याच वाळूत अनवाणी मुले खेळतात. समुद्राचे पाणी पन्नास पावलांवर असते. निखारे लोखंडी बादलीत घेऊन त्यात ते ओतले, ढवळले आणि विझलेला कोळसा परत पिशवीत भरला, की कोणाचा पाय भाजत नाही. या गावांच्या ग्रामपंचायतींनी किनाऱ्यावर उतरायच्या वाटेवर पाणी भरलेले एक लोखंडी पिंप आणि लांब दांड्याचे फावडे ठेवावे. पवनेच्या काठच्या तंबूचालकांनीही प्रत्येक चार-पाच तंबूंमागे असे एक पिंप ठेवावे, सोबत वर सांगितलेल्या तेलाच्या डब्याची दोन-तीन नळकांडी तयार ठेवावीत आणि कोळशाच्या पिशवीबरोबर पाहुण्यांच्या हाती ती द्यावीत. पेट्रोलची आणि थिनरची बाटली मागणाऱ्याला ती देऊ नये, मग तो कितीही भुकेला असो.

कळावे,
आपला,
एक वाचक, चौल (जि. रायगड)